अर्धं मिनिट मागचे श्रोते

रॉक गाण्यांचा रेडिओ कधीच मेलाय, असं मी एकदा छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, आणि तेही शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकून. आधी बोलायचं आणि मग कोणासमोर बोललो ते बघायचं, ही माझी सवय जुनीच आहे.

कोरोनाचं ते पहिलं वर्ष, नेदरलँड्समधलं. अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आमच्या चिंचोळ्या घरात तेव्हा चार माणसं कोंबलेली होती. नवरा बेडरूममध्ये मीटिंगा करायचा. मी अडगळीच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे. लेक जेवणाच्या टेबलावर बसून तिच्या बाईंशी डचमध्ये भांडायची. आणि स्वयंपाकघरात सासूबाई. त्या फेब्रुवारीत नातीच्या वाढदिवसाला म्हणून पुण्याहून आल्या होत्या. वाढदिवस झाला, केक संपला आणि विमानं बंद झाली.

अडकल्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शांततेबद्दल. घरात तीन माणसं दिवसभर बोलत होती, पण त्यांच्याशी कोणीच बोलत नव्हतं. पुण्यात सकाळी दूध तापत ठेवलं की त्यांचा रेडिओ सुरू होतो, तो दुपारच्या वामकुक्षीपर्यंत. इथे मी मोठ्या हौशीनं त्यांना टॅबलेट दिला. सगळी जुनी गाणी, हवी ती, हवी तेव्हा. दोन दिवसांनी टॅबलेट फ्रिजवर जाऊन बसला.

"काय झालं? गाणी आवडली नाहीत?" मी विचारलं.

"गाणी चांगली आहेत गं. पण त्यात माणूस नाहीये. गाणं संपलं की दुसरं लागतं. मध्ये कोणी काही बोलतच नाही. जेवायला वाढून माणूस निघून गेल्यासारखं वाटतं."

मला राग आला. एवढा महागाचा टॅबलेट! मी आदळआपट करत भांडी आवरायला घेतली.

आमच्या घरावरून एरवी इतकी विमानं जायची, की अंगणात बोलताना वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि विमान गेलं की पुढचं बोलायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. ती बंद झाली तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा आम्हाला आमची गल्ली ऐकू आली. पक्षी होते, कोणाचं तरी भांडण होतं. आणि एका शनिवारी दुपारी शेजारच्या शेडमधून ड्रम वाजायला लागले. मग गिटार. मग एका म्हाताऱ्या माणसाचं भरभरून बोलणं.

"कोणाशी बोलतायत ते? घरात तर एकटेच असतात," सासूबाई म्हणाल्या आणि स्टूल घेऊन कुंपणाकडे निघाल्या. इथली कुंपणं लाकडी आणि पुरुषभर उंच. डच माणूस समोरच्या खिडकीला पडदा लावत नाही, पण मागच्या अंगणाला भिंत घालतो. मी आवरायच्या आत त्या स्टुलावर चढल्या होत्या.

शेजारीबुवा म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दारातून वाकून बाहेर पडावं लागेल एवढे उंच. तोवर आमचा संबंध एकमेकांची पार्सलं ठेवून घेण्यापुरता. त्या दिवशी ते कान लाल झालेले, हेडफोन गळ्यात, शेडच्या दारात उभे होते. आत सायकली, रंगाचे डबे आणि त्यामध्ये एक माईक. गावच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर ते वर्षानुवर्षं दर शनिवारी एक तास हौस म्हणून जुनी रॉक गाणी लावत होते. कोरोनामुळे स्टुडिओ बंद झाला, म्हणून केंद्र शेडमध्ये आलं होतं.

आता, कॉलेजात असताना मी स्वतः या गाण्यांवर जगले आहे. कोणाच्या तरी अमेरिकेतल्या मामेभावाच्या कॅसेटवरून कॉपी, त्या कॉपीची कॉपी. शेवटी गाणं कमी आणि खरखर जास्त. तेव्हा या विषयातला अधिकार आपलाच, अशा थाटात मी म्हणाले, "रेडिओवर रॉक? मला वाटलं तो प्रकार कधीच मेला."

"अजून नाही," शेजारीबुवा हसून म्हणाले. "उन्हाळ्याच्या सुट्टीत मरणार आहे."

आणि त्यांनी सांगितलं. केंद्राच्या अध्यक्षबाईंचा निरोप आला होता. सुट्टीपासून हा तास कॉम्प्युटरला द्यायचा. तो आपोआप गाणी लावतो, आजारी पडत नाही, चहा मागत नाही. खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, केंद्राला पैसे देते आणि विचारते, की हे गावातलं कोण ऐकतं? शनिवारचा तास कोणी ऐकतं याचा काही पुरावाच नव्हता.

"खरंच कोणी ऐकत नसेल तर त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मुलं माझी तिकडे उत्तरेला, आणि सध्या तीही येऊ शकत नाहीत. हा तास गेला तर माझ्या आठवड्यात शनिवारच उरणार नाही."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी खालमानेनं सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं.

"कोणी ऐकत नाही म्हणजे?" त्या स्टुलावरूनच कडाडल्या. "आपण काय करतोय मग आत्ता?"

त्यांचं म्हणणं शेजारीबुवांना भाषांतराशिवाय कळलं. ते आत गेले आणि एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन आले. केंद्र जिथे लागतं तिथे तबकडीवर लाल चिकटपट्टी होती. त्यांनी तो कुंपणावर ठेवला आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकले. सासूबाईंनी तो सॅनिटायझरनं पुसला, ओट्यावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं.

पुढचा प्रत्येक शनिवार मग ठरून गेला. त्या खाली लसूण सोलत ट्रान्झिस्टर ऐकायच्या, मी वर आठवड्याचे कपडे इस्त्री करत लॅपटॉपवर तेच केंद्र लावायचे. त्यात एक गंमत होती. रेडिओचा आवाज हवेतून थेट येतो. इंटरनेटवरचा मात्र दहा घरचं पाणी पिऊन येतो, त्यामुळे अर्धं मिनिट मागे असतो. खाली गाणं संपून सासूबाईंनी निकाल दिला, की मग वर माझ्याकडे त्याचा शेवट वाजायचा. मी त्यांना हे समजावून सांगितलं.

"म्हणजे तू आपली नेहमी शिळंच ऐकतेस," त्या म्हणाल्या.

त्यांचे निकाल ऐकण्यासारखे असत. डच कळत नव्हतं, गाण्यातलं इंग्रजीही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचं लक्ष कशानं विचलित होत नसे. घसा फोडून गाणाऱ्याला, "याला कोणीतरी आल्याचा चहा द्या गं." गिटारवाला एकटाच सुटला की, "हं, आता हा आलापीला बसला." आणि एकदा ड्रमवाला बराच वेळ थांबेना तेव्हा लसूण खाली ठेवून, "हे मात्र छान. आपल्या गणपतीच्या पथकात घ्यायला पाहिजे याला."

गाणी संपली की कुंपणापाशी गप्पा व्हायच्या. मधली दुभाषी मी. शेजारीबुवांच्या लहानपणी सरकारमान्य रेडिओ ही गाणी लावतच नसे. मग काही खटपट्या लोकांनी किनाऱ्यापासून लांब, कायद्याचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी जहाजं नांगरली आणि तिथून गाणी वाजवली. समुद्र खवळला की रेकॉर्डवरची सुई घसरायची. "रेडिओनं हाकलून दिलेली गाणी होती ही," ते म्हणायचे. "आणि आता जुनी झाली म्हणून पुन्हा हाकलतायत."

मी तरीही वाद घालायचे. स्वभावाला औषध नाही. मी म्हटलं, "डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अख्खा देश मतं देऊन हीच जुनी गाणी निवडतो आणि रात्रंदिवस ऐकतो. कार्यालयात, टॅक्सीत, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा. तेवढं पुरे नाही का? आमच्याकडे पितृपक्ष असतो. वर्षातून एकदा गेलेल्यांना आठवायचं, त्यांच्या आवडीचं रांधायचं, कावळ्याला वाढायचं. तुमचं रॉक आता तिथेच पोहोचलंय."

त्यांना हे इतकं आवडलं, की पुढच्या शनिवारी त्यांनी ते रेडिओवर सांगितलं. ऐकणारा जो कोणी होता, त्याला त्या दिवशी पितृपक्ष आणि कावळा यांची सविस्तर माहिती मिळाली.

पण सासूबाईंना माझा मुद्दा पटला नव्हता. "जिवंत माणसाचं श्राद्ध घालू नये," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "यांच्याकडे फर्माईश नसते का?"

होती. केंद्राचा एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता. त्यावर शेवटचा मेसेज कोणीतरी चुकून पिझ्झा मागवायला पाठवला होता.

सासूबाईंनी हात पुसले, माझा फोन समोर धरायला लावला आणि घसा साफ केला. रेडिओवरची फर्माईश कशी करायची हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. गाणं एका ओळीत उरकायचं असतं आणि खरा मजकूर पुढे असतो, तो म्हणजे नावं. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, मग लेकाचं, माझं, नातीचं. मग नाशिकची लेक, जावई, त्यांची दोन मुलं. पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. आणि या सगळ्यांच्या मधोमध, जिथे असायला हवं तिथेच, माझ्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "आई, बाबांचं नाव...?"

"मग? त्यांना गाळून कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून फर्माईशीची कार्डं तेच टाकायचे. दर महिन्याला. आयुष्यात एकदाही नाव लागलं नाही बिचाऱ्यांचं. गाणं कोणतंही लावा म्हणावं, नावं सगळी घ्या."

मी नावं इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवली. शेजारीबुवा कुंपणावरून डोकावले. "हे सगळे एका घरात राहतात?"

"नाही हो. गाणं मागताना सगळ्यांची नावं घ्यायची पद्धत आहे आमच्यात."

मला वाटलं आता पुष्कळ समजवावं लागणार. पण ते लगेच मान हलवायला लागले. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. इथे वाढदिवसाला गेलं की ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करून भागत नाही. गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या प्रत्येकाचं करावं लागतं. आईच्या वाढदिवसाबद्दल मुलीचं, बायकोच्या वाढदिवसाबद्दल नवऱ्याचं, मैत्रिणीच्या वाढदिवसाबद्दल शेजारणीचं. पहिल्या वर्षी मला हे लोक वेडे वाटले होते. आमच्या फर्माईशीची रीत कळायला त्यांच्याइतका लायक माणूस पृथ्वीवर नसेल.

शनिवारी त्यांनी एकेक नाव घेतलं. 'ग'च्या जागी घशातला खणखणीत 'ख', लांब नावांना मध्ये श्वास. त्या दिवशी मी इस्त्री सोडून खालीच होते. सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा सासूबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला. त्यांनी ट्रान्झिस्टरकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हटलं, "लागलं हो तुमचं नाव." मग ड्रम सुरू झाले. मला रडू आलं आणि मी ते लसणावर ढकललं.

आता आपल्याकडे एखादी चांगली गोष्ट मोजकी ठेवायची पद्धत नाही. मी आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीन-हूफडॉर्पच्या मराठी ग्रुपवर लिहिलं, की शेजाऱ्यांचा कार्यक्रम वाचवायचाय, फर्माईशी पाठवा, गाणं माहीत नसेल तर 'तुमच्या आवडीचं' म्हणा. तिकडे सासूबाईंनी हीच हकिगत घरच्या ग्रुपवर घातली. तिथून ती सोसायटीच्या ग्रुपवर गेली, तिथून सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या, तिथून भजनी मंडळाच्या. सोबत केंद्राची लिंक. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या पुण्याला काम मिळालं.

पुढच्या शनिवारी केंद्राची इंटरनेटवरची सेवा पाचव्या मिनिटाला कोलमडली. ती बापडी चार माणसांच्या हिशोबानं बांधलेली, तिच्यावर अख्खी भजनी मंडळं येऊन बसली. मेसेज तर असे आले, की शेजारीबुवांना गाणी लावायला फुरसत मिळेना. कोणी अभंगाची फर्माईश केली होती, कोणी नातवाच्या मुंजीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्यांनी शेडचं दार उकाड्यानं उघडं टाकलं आणि तासभर नुसती नावं वाचली. मध्येच दम घ्यायला एखादं गाणं लावायचे.

सोमवारी अध्यक्षबाई सायकलवरून आल्या. आखूड पांढरे केस, पाठीला पिशवी, चेहरा गंभीर. त्यांना वाटलं होतं कोणीतरी केंद्रावर सायबर हल्ला केला. मी कुंपणापलीकडून खुलासा केला. त्या हसल्या, अगदी मनापासून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "पण पुण्याचे श्रोते मी खेमेंटेला दाखवू शकत नाही. मला या गावातले दाखवा."

त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. मदत करायला गेलो आणि गणपती करता करता मारुती झाला.

पण त्या नावांच्या तासानं एक गोष्ट केली होती, ती आम्हाला उशिरा कळली. आमच्या घरांच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. दोन्ही रांगांतल्या अंगणांची दारं आणि सायकलींच्या शेड तिच्यात उघडतात. त्या शनिवारी ऊन होतं आणि लोक अंगणात कॉफी घेऊन बसले होते. शेडच्या उघड्या दारातून त्यांनी तासभर ती नावं ऐकली. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या आजींचा मेसेज आला. त्यांना एक गाणं हवं होतं, स्वतःसाठी, आणि सहा नातवंडांसाठी, ज्यांना मार्चपासून त्यांनी फक्त खिडकीच्या काचेतून पाहिलं होतं, आणि मांजरासाठी. शेजारीबुवांनी सगळी नावं घेतली, मांजराचंही. मग आणखी एकानं पाठवली. एका बाईंनी वृद्धाश्रमातल्या आईचं नाव दिलं, तिथे कोणाला भेटायला सोडत नव्हते. एकत्र बसायची मनाई असलेल्या त्या दिवसांत अख्खी कुटुंबं शनिवारी एका वाक्यात एकत्र बसायला लागली.

तरी हे दोन-चार मेसेज. पुरावा म्हणावा एवढं त्यात काही नव्हतं.

"ऐकणाऱ्यांनी हात वर करा म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत करतात तसं."

मी भाषांतर केलं. मास्तरच ते, शेजारीबुवांचे डोळे चमकले. "हात दिसणार नाहीत," ते म्हणाले. "पण या देशात प्रत्येकाकडे एक घंटी असते." आणि त्यांनी शेडमधल्या सायकलची घंटी वाजवली.

अध्यक्षबाईंनी मान्य केलं. सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी त्या स्वतः गल्लीत येऊन उभ्या राहतील. शेजारीबुवा रेडिओवरून सांगतील, की जे मला ऐकतायत त्यांनी बाहेर यावं आणि घंटी वाजवावी. या गल्लीत चार घंट्या जरी वाजल्या, तरी तास राहील. नाही वाजल्या तर कॉम्प्युटर.

"आणि आपल्याकडून काय?" सासूबाईंनी मला विचारलं. त्यांना सायकल येत नाही. मग त्या स्वतःच उठल्या आणि कपाटातून स्टीलची मोठी थाळी काढली. मार्चमध्ये तिकडे भारतात सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या इथे होत्या. त्यांना वाजवायची होती, पण माझ्या नवऱ्यानं शेजारी काय म्हणतील म्हणून वाजवू दिली नव्हती. ती थाळी त्यांच्या मनात तशीच राहून गेली होती.

तो शनिवार उजाडला. अध्यक्षबाई गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून, कानात इयरफोन घालून उभ्या होत्या. शेजारीबुवांनी माईकची वायर ओढून शेडच्या दारापर्यंत आणली होती. मी कुंपणाचं मागचं दार उघडून, लेकीची सायकल धरून तयार होते. माझ्याही कानात फोनवरून कार्यक्रम चालू होता, गाणं ऐन रंगात होतं. लेक शेजारी उभी राहून "मम्मा, दिस इज सो एम्बॅरसिंग" असं म्हणत होती.

आणि अचानक घरातून सासूबाई आल्या. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण वर माझं फ्लीसचं जॅकेट, पायात नवऱ्याचे क्रॉक्स. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात पळी. गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि बडवायला लागल्या.

टण, टण, टण, टण.

बाकी काही नाही. एकही दार उघडलं नाही. एकही घंटी वाजली नाही. शेजारीबुवा माईक धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. अध्यक्षबाई सायकलच्या हँडलकडे बघत होत्या. सासूबाई मात्र थांबेनात. त्या एकट्या म्हाताऱ्या बाईकडे, त्या जॅकेटकडे, त्या थाळीकडे बघवेना. धावत जाऊन त्यांचा हात धरावा आणि "पुरे आता, आई, चला घरात," म्हणावं असं वाटलं. कुंपणाला टेकून मीच बोलले होते ना, की हा प्रकार मेलाय. तो मेला होता आणि आम्ही त्याच्यासमोर थाळी वाजवत होतो.

मी खरंच एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात माझ्या कानातलं गाणं संपलं आणि कानात शेजारीबुवा म्हणाले, "मला ऐकताय ना? मग या बाहेर."

कानात! आत्ता! मी, जन्म जिचा चुका शोधण्यात गेला ती बाई, हे विसरले होते. ट्रान्झिस्टर गल्लीत एकच होता, तो सासूबाईंकडे. बाकी सगळं जग शिळं ऐकत होतं.

मी घंटी दाबली. आणि त्याच क्षणी समोरच्या शेडचं दार धाडकन उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. कोपऱ्यावरच्या आजी काठी टेकत आल्या, दुसऱ्या हातात सायकलची सुटी घंटी. पुढच्या रांगेतले दोघं नवराबायको मुलं वाहायची मोठी पेटीवाली सायकलच ढकलत बाहेर घेऊन आले. मागच्या गल्लीतून, त्याच्याही मागच्या गल्लीतून, दिसत नव्हत्या अशा अंगणांमधून घंट्या वाजायला लागल्या. मोजायला मला सवड नव्हती आणि अध्यक्षबाईंनाही नसावी. कारण त्यांच्याही कानात इयरफोन होते. त्यांनी हँडलवरचा अंगठा हलवला आणि त्यांची घंटी सगळ्यांच्यात मिसळली. माझी लेक, जिला लाज वाटत होती, ती हातातली सायकल माझ्याकडून हिसकावून घेऊन वाजवत होती.

शेजारीबुवांनी माईक उंच धरला होता. त्या घंट्या थेट रेडिओवर जात होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच श्रोत्यांचा आवाज ऐकला, असं त्यांनी नंतर सांगितलं.

सासूबाई घामेघूम होऊन माझ्याजवळ आल्या. "बघितलंस? मी सुरुवात केली म्हणून सगळे निघाले. कोणीतरी आधी सुरू करावं लागतं." त्यांचा हा समज मी आजतागायत दूर केलेला नाही. करणारही नाही.

तास राहिला. जुलैत विमानं थोडी थोडी सुरू झाली आणि सासूबाई पुण्याला गेल्या. ट्रान्झिस्टर मी परत द्यायला निघाले तर शेजारीबुवा म्हणाले, राहू दे, तुमच्या ओट्यावरच बरा. तेव्हापासून ते दर शनिवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकदा विचारतात, "कोण कोण आहे?" आणि माईक दाराबाहेर धरतात. गल्लीतल्यांनीही आता जुने रेडिओ माळ्यावरून काढलेत, त्यामुळे घंट्या लगेच वाजतात. मी तेव्हा पुण्याला फोन लावून बसलेली असते. आता उलटं झालंय. मी ट्रान्झिस्टरवर ताजं ऐकते आणि सासूबाई फ्रिजवरून उतरवून पुण्याला नेलेल्या त्या टॅबलेटवर शिळं. त्यांच्याकडे दिवेलागण झालेली असते. इथे प्रश्न विचारून होतो, घंट्या वाजून थांबतात, गाणं सुरू होतं आणि मग फोनमधून, अर्धं मिनिट मागून, थाळी.

पुढच्या वर्षी एप्रिलात पुण्यात दुसरी लाट आली आणि सासूबाईंना कोरोना झाला. घरीच होत्या, एका खोलीत बंद. वरच्या मजल्यावरच्या काकू दाराशी डबा ठेवून जायच्या. भारताची विमानं पुन्हा बंद झाली होती, नवऱ्याला जाता येईना. त्या शनिवारी मी फोन लावला तेव्हा त्या दोन शब्द बोलल्या आणि धाप लागली. मी म्हटलं बोलू नका, नुसतं ऐका.

ट्रान्झिस्टरमधून शेजारीबुवांनी विचारलं, "कोण कोण आहे?" गल्लीत घंट्या वाजल्या, थांबल्या. गाणं सुरू झालं. मी फोन कानाला घट्ट धरला. अर्धं मिनिट गेलं. फोनमध्ये काहीच नाही. नवरा बेडरूममधून बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला होता. आणखी थोडा वेळ गेला. मी देवाचं नाव घ्यायला लागले. माझं आणि देवाचं फारसं सख्य नाही.

आणि मग खूप बारीक, चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर वाजवल्यासारखं आलं. टण. मग पुन्हा एकदा. टण.

"थाळी स्वयंपाकघरात राहिली गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि नेट स्लो आहे आज."

मी ओट्यावरची थाळी उचलली आणि पळीनं इतकी बडवली, की शेजारीबुवा गाणं तसंच चालू ठेवून, हेडफोनसकट कुंपणाशी धावत आले.